आग्बेदेची यादी

सहा गावांच्या याद्या तपासून झाल्या होत्या आणि मिमिदूच्या वहीत एकोणचाळीस मेलेले मतदार जमले होते.

"आता फक्त आग्बेदे राहिलं," ती म्हणाली. "आज शेवटचा दिवस. पाचनंतर हरकत घेत नाहीत."

सासूबाई उखळात कोनफळ कुटत होत्या. मुसळ हातातच थांबलं.

"तिकडे कशाला मरायला जातेस? ती सगळी इगबुरची माणसं. एक मत द्यायची नाहीत तुला."

"मतं मागायला नाही जात, आई. मेलेल्यांची नावं कापायला जातेय. गेल्या वेळी इगबुर त्यांच्याच जिवावर विधानसभेत जाऊन बसला."

"बसू दे बसला तर. तू आग्बेदे सोड."

"तुम्ही दर महिन्याला जाता की तिथे, मावशींकडे. तुम्हाला कुणी खाल्लं?"

"माझं वेगळं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा कुटायला लागली. कोनफळाचा केव्हाच लगदा झाला होता, तरी तिचा हात थांबेना.

उकेयिमा मास्तर मोटारसायकल घेऊन दारात आले. शाळा सुटल्यावर ते मिमिदूचा प्रचार करत, आणि त्यासाठी बायकोची बोलणी खात. "चला, आमदारबाई," ते म्हणाले. "मेलेले वाट बघतायत."

नदीवर पूल नव्हता. होडीत मोटारसायकल आडवी घालून दोघं पलीकडे गेले. मिमिदूने सवयीप्रमाणे पाण्याकडे पाठ केली. अकरा वर्षांपूर्वी ऐन पुरात तोर्कुमा, तिचा नवरा, इथेच बुडाला होता. किनाऱ्यावर त्याची सायकल सापडली, चपला सापडल्या. तो सापडला नाही. रिकामी पेटी पुरली, वर दगड लावला. धाकट्या दिराने रीतीप्रमाणे तिला मागणी घातली, तेव्हा तिने त्याला अंगणातूनच परत धाडलं. तिचं तोर्कुमावर फार प्रेम होतं, आणि ते सांगायला ती कधी लाजली नाही.

तेव्हापासून तिने पुलाचा ध्यास घेतला. अर्ज केले, बायका जमवून राज्यपालांची गाडी अडवली, दोनदा कोठडीत बसली. लोक तिला पूलवालीच म्हणायला लागले. 'माझा गेला, तुमचा जाऊ नये,' एवढंच एक वाक्य ती प्रत्येक सभेत म्हणायची, आणि बाजारातल्या खाष्ट बायकासुद्धा डोळे पुसायच्या. ही जागा जिंकली तर पूल होणार होता. हरली तर इगबुर आणखी चार वर्षं होड्यांचे ठेके भाच्यांना वाटत बसणार होता.

आग्बेदेच्या शाळेच्या भिंतीवर याद्या डकवल्या होत्या. नाव, वय, फोटो. खुर्चीवर निवडणूक कार्यालयाचा कारकून संत्रं सोलत बसला होता. पूलवाली आली म्हटल्यावर बघे गोळा झाले. त्यांत इगबुरची टोळकीही होती.

"काय गं, आमच्या आजोबांना कापायला आलीस?" एकाने टोमणा मारला.

"जिवंत असतील तर त्यांना घेऊन ये, पाया पडते."

लोक हसले. मास्तर यादी वाचू लागले, ती वहीशी ताडू लागली. जुन्या यादीत चार मेलेले निघाले. मग मास्तर शेवटच्या कागदाकडे वळले. यंदा नव्याने नोंदलेल्यांची यादी. दोन ओळी वाचून ते अडखळले.

"काय झालं?"

"काही नाही. पुढचं वाचतो."

"मास्तर, वाचा."

"तोर्कुमा आगेर," ते हळूच म्हणाले. "वय सेहेचाळीस."

मिमिदूने मनात वर्षं मोजली. आज तो असता तर सेहेचाळीसचाच असता. हरामखोरांनी हिशेबसुद्धा बरोबर केला होता.

"ऐका रे सगळ्यांनी!" ती गर्दीकडे वळली. "माझा बुडालेला नवरासुद्धा यांनी सोडला नाही! इगबुरला आता त्याचंही मत हवंय!"

गर्दी खवळली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. इगबुरची टोळकी मागे सरली. आग्बेदे पहिल्यांदाच तिच्या बाजूने ओरडत होतं.

"बाई, नव्या यादीला माणसाने स्वतः यावं लागतं," कारकून चाचरत म्हणाला. "अंगठा द्यावा लागतो. फोटो इथेच काढतो आम्ही."

"मग नदीतून उठून आला असेल! अर्ज दे."

तिने अर्ज भरला. हरकतीचं कारण: मृत. कसा: नदीत बुडून. नातं: पत्नी. खाली सही ठोकली. भिंतीकडे ती मुद्दामच बघत नव्हती. त्याचा लग्नातला नाहीतर परवान्यावरचा कुठलातरी जुना फोटो चिकटवला असणार, आणि तो बघून एवढ्या लोकांत तिला रडू आलं असतं.

"अनुक्रमांक राहिला," कारकून म्हणाला.

"मी सांगतो," मास्तर घाईने पुढे झाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "तुम्ही बसा. नाहीतर राहू द्या हे एक नाव. घरी जाऊ."

"का म्हणून?"

त्यांना बाजूला सारून ती भिंतीपाशी गेली आणि आकड्यासाठी वाकली.

आकड्याशेजारच्या फोटोत तोर्कुमाचे केस पिकले होते.