खिशातलं ज्याचं त्याला

रांग काही केल्या पुढे सरकत नव्हती. बंद शटरवर ‘परताव्याची चौकशी येथे करावी’ असा कागद चिकटवला होता, आणि चौकशीला उत्तर द्यायला आत कुणी नव्हतं.

चष्मेवाला रांगेत मधोमध उभा होता. दिवसभर लोकांचे नंबर तपासायचे, पण स्वतःच्या पुढ्यातला खड्डा त्याला दिसला नव्हता. सासूबाईंनी लाँड्रीसाठी नवं मशीन घ्यायला त्याच्याकडे पैसे दिले होते. म्हणाल्या, “तुम्ही शिकलेले, भाव तुम्हीच करा.” याने ते थोड्या दिवसांपुरते म्हणून क्रिप्टोत टाकले. दुप्पट झाले की मशीनही येईल आणि वर चार पैसे सुटतील, असा शहाणपणा. कॉइन विकणारी कंपनीच बुडाली.

मशीनवाला शनिवारी यायचा होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. “आईच्या कष्टाच्या पैशाला हात लावलास तर मी या घरात राहणार नाही,” हे बायको मागे एकदा बोलली होती, आणि ती उगीच बोलणाऱ्यांतली नव्हती.

“माझी पेन्शन गिळली मेल्यांनी,” पुढच्या निवृत्त हेडबाई म्हणाल्या. “तुमचं किती गेलं?”

“माझं काहीच नाही,” तो म्हणाला. “सासूचं गेलं.”

हेडबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा छडी परवडली असती.

त्यात कंपनीच्या नावाचं रांगेचं टोकन हरवलं. संध्याकाळी तो तोंड पाडून लाँड्रीत गेला. सासूबाई धुवायच्या कपड्यांचे खिसे तपासत होत्या. खिसे पाहिल्याशिवाय कपडा पाण्यात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. काय काय सापडायचं. किल्ल्या, औषधाच्या गोळ्या, एकदा तर कुणाची तरी कवळी. सगळं खाकी पाकिटात जायचं, पाकिटाचं तोंड दुमडून त्याला आडवी टाचणी, आणि मुकाट्याने कपड्यांसोबत परत. ग्राहकाला एका शब्दाने विचारायचं नाही.

“चेहरा का उतरलाय, जावईबापू?”

“काही नाही, आई. कामाचा ताण.”

“बरं. तुमची पँट झालीय, घेऊन जा.” त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. हात मोकळे होते.

“सोन्याच्या बांगड्या कुठे गेल्या?”

“इस्त्रीपाशी तापतात हो. ठेवल्या काढून.”

घरी येऊन त्याने पँटची घडी उघडली, तर टोकन तिच्याच खिशात. छान सपाट, कोरडं. नशीब म्हणायचं, त्याला वाटलं. निदान एवढं तरी पाण्यात गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रांगेत गलका झाला. कंपनीचा जुना कॅशियर आला होता. लोकांनी त्याला घेरलं, हेडबाईंनी तर बखोट धरलं, पण गड्याच्या पांढऱ्या शर्टाची कॉलर जशीच्या तशी कडक. कंपनी बुडाली तरी इस्त्री मोडली नव्हती.

“माझ्या हातात काही नाही हो,” तो काकुळतीला येऊन सांगत होता. “मलाही पगार नाही मिळालेला.”

गर्दीतून सुटताना त्याने चष्मेवाल्याला खुणेने बाजूला घेतलं. मागच्या जिन्याखाली नेऊन एक जाडजूड पाकीट त्याच्या हातात कोंबलं.

“तुमचे पैसे. पूर्ण आहेत. कुठे बोलू नका, नाहीतर हे लोक मला फाडून खातील.”

“पण माझेच कसे काय?”

“मिळालेत ना? मग निघा.”

त्याने घाईने पाकिटाचं तोंड उघडलं. टाचणी बोटात घुसली. रक्ताचा थेंब आला, आणि त्याला तोही गोड लागला. हेडबाईंकडे बघायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. तो मान खाली घालून सटकला, कोपऱ्यावर भिंतीला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला.

तासाभरात पैसे सासूबाईंच्या गल्ल्यावर होते.

“आई, मशीनचे पैसे तुमच्याकडेच असू द्या. मला नाही जमत हा व्यवहार.”

सासूबाईंनी ते न मोजता आत ठेवले. “बरं झालं. मशीनवाल्याला मी नकोच सांगितलंय. जुनं चालतंय अजून.”

एवढा जीव टांगणीला लागला तो कशासाठी, असं त्याच्या मनात आलं. पण सुटलो, एवढंच खरं. त्या रात्री तो गाढ झोपला. बायको म्हणाली, किती दिवसांनी घोरलास.

शनिवारी दुकान बंद ठेवून तो आपणहून लाँड्रीत मदतीला गेला. मागच्या बाजूला कोट टांगताना शीळ घालायचीही इच्छा होत होती. सासूबाईंच्या हातात बांगड्या पुन्हा किणकिणत होत्या. आज इस्त्री तापत नाही वाटतं, असं चिडवायला तो पुढे येणार, तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी आलं. कोटांच्या फटीतून त्याला कडक पांढरी कॉलर दिसली.

“शर्ट झाले का, मावशी?”

“झाले. आणि आज पैसे नकोत. तुम्ही माझं एवढं काम केलंत.”

“काम कसलं, पण जीव मुठीत धरून उभा होतो. पाकिटाला ती तुमची टाचणी कशाला लावलीत? मला वाटलं, जावई तिथेच ओळखतो.”

“तो कसला ओळखतोय?” सासूबाई शर्टांचा गठ्ठा बांधत म्हणाल्या. “स्वतःच्या खिशात काय आहे तेच त्याला कळत नाही, म्हणून तर मला कळलं.”