ग्लुकोजची पुडी

टेबलावर सांडलेली पावडर सलीलने जिभेने चाटली आणि दारातल्या पोलिसाला सांगितलं, "बाळाचं दूध सांडलं होतं, साहेब." 'कट' झाला. सगळं युनिट खदखदून हसलं. सिनेमा ड्रग्जवरचा, पण विनोदी. पावडर ग्लुकोजची, आणि नट वर्षभरापूर्वी त्याच व्यसनातून सुटलेला.

"सर, पुडी द्या. अजून एक टेक आहे," सेटवरच्या वस्तू सांभाळणारे प्रॉपवाले घोसाळकर म्हणाले.

"कुठली पुडी? टेबलावरच ठेवली होती मी. तुमच्या माणसांना विचारा."

आवाज शांत, नजर सरळ. व्यसनाच्या दिवसांत खोटं बोलतानाचा आपलाच आवाज सलीलने ओळखला. हसण्याच्या गडबडीत आपल्या हाताने पुडी कुठे लपवली, ते त्याला आत्ता आठवलं.

"अजून भूमिकेतच आहे बघा," दिग्दर्शक कौतुकाने म्हणाला. पुन्हा हशा पिकला.

रोज सलीलसोबत सेटवर येणारी त्याची ताई हसली नाही. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली, एका हाताने त्याचा घोटा घट्ट धरला आणि डाव्या मोज्यातून, त्याच्या लपवायच्या जुन्याच जागेतून, पुडी काढली. घोसाळकरांना देण्याआधी तिने त्यात बोट बुडवून चाखून पाहिलं.

"गोड आहे," ती पुटपुटली, आणि मगच तिने घोटा सोडला.