खंडेनवमीच्या अक्षता

"अक्षता टाकल्यात का?" इंजिनिअर रेवतीनं दारातूनच विचारलं.

खंडेनवमी होती. गावच्या ऊर्जाकेंद्रातल्या यंत्राची पूजा नुकतीच आटोपली होती. यंत्रावर कोरलेल्या E=mc² ला कुंकू लागलं होतं. पेटंट कचेरीतल्या एका कारकुनानं कधीकाळी मांडलेलं ते समीकरण केंद्रप्रमुख खासनीस आरतीनंतर मोठ्यानं म्हणत. अर्थ विचारायची पद्धत नव्हती. अर्थ एवढाच, की तांदळाचा एक दाणा यंत्रात पुरता जळला की गावाला महिनाभर वीज मिळे. दोन दाणे एकदम जळले, तर वीज घ्यायला गाव उरणार नव्हतं.

"चिमूटभर टाकल्या," खासनीस म्हणाले. "रीतच आहे."

"यंत्राचं तोंड उघडं होतं, सर."

"मग? मिटल्या तोंडाला नैवेद्य कसा दाखवणार?"

झडप हळूहळू मिटू लागली होती. ती मिटली की आत असेल ते जळणार, आणि तिला मध्येच थांबवायची सोय नव्हती. रेवतीनं विजेरी लावली. अक्षता ओल्या कुंकवात काठालाच चिकटल्या होत्या. श्वास रोखून तिनं चिमट्यानं एकेक दाणा उचलला. तळाशी या महिन्याचा दाणा तेवढा एकटा उरला.

"देव पावला," म्हणत खासनीसांनी डोळे मिटले आणि मुठीतल्या उरलेल्या अक्षता वाहायला सवयीनं हात उचलला.

रेवतीनं मनगट धरलं. झडप मिटली. दिवे शांतपणे जळत राहिले.

"पुढच्या वर्षी नुसता नमस्कार करा, सर," मनगट न सोडता ती म्हणाली. "त्याला वस्तुमान नसतं."