अर्धं वर्तुळ

सोनकोल तळ्याकाठच्या तंबूतून सातारकुल मास्तर कुठेतरी निघून गेले, त्याला तास झाला होता. हल्ली त्यांना स्वतःचं घरही आठवत नसे.

"चहा घेऊ, मग घोडे काढू," भाऊबंद म्हणाले.

मास्तरांची जुनी विद्यार्थिनी बेगिमाय कडाडली, "ते तासाला तीन किलोमीटर चालतात. वेळेवरून अंतर काढा, अंतरावरून तंबूभोवतीचं वर्तुळ. आत्ता अठ्ठावीस चौरस किलोमीटर धुंडायचंय. अजून तासभर चहा पीत बसलात, की एकशे तेरा!"

प्याले तिथेच राहिले.

मास्तर सापडले. बेगिमायला त्यांनी ओळखलं नाही. तिचं गणित मात्र नीट ऐकून घेतलं.

"चूक," ते म्हणाले. "एका बाजूला तळं आहे. मी काय पाण्यावरून चालणार होतो? अर्धंच वर्तुळ धरायचं, पोरी."