चवड्यांवर

धाकटी ऋजुता चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात आली आणि वृंदाच्या हातातलं लाटणं थांबलं.

थोरली मैथिलीही दोन वर्षांची असताना अशीच चालायला लागली होती. "नाचरी होणार हो पोर," म्हणत घरादाराने टाळ्या वाजवल्या होत्या. तिच्या शरीरात जन्मापासून एक एन्झाइमच तयार होत नाही, हे कळेपर्यंत चालणं गेलं, मग बोलणंही. "हिची उपचाराची वेळ निघून गेली," डॉक्टर म्हणाले, "पण तान्हीला तपासू."

तान्ह्या ऋजुतालाही तोच आजार निघाला. लक्षणं दिसायच्या आत तिच्याच मूळपेशी काढून, त्यांत निरोगी जनुक घालून तिला परत दिल्या. तेव्हापासून वृंदा तिची पावलंच बघत होती.

"ऋजू, टाच टेकत नाही का गं? टेक बघू!"

"शूऽऽ! ओरडू नकोस ना आई. ताई आत्ता झोपलीय." ऋजुता सपाट पावलांनी उभी राहिली.

वृंदा खाली बसली. पिठाच्या हातांनी तिने पोरीच्या टाचा धरून ठेवल्या.

"जा, धाडधाड पळत जा तिच्याकडे," ती म्हणाली. "उठली तर उठू दे. ऐकू येतं तिला अजून."