पुढचं उद्या

मैलापूरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शॉर्टहँडच्या मुली व्यापारी पत्रं लिहून पेंगायला लागल्या, तेव्हा राजसबाईंनी कीर्तनकार वडिलांची युक्ती काढली. रोज इंग्रजीतून आख्यानाचा तुकडा डिक्टेट करायचा आणि ऐन रंगात चिपळ्या वाजवून थांबायचं. “पुढचं उद्या!” मुली चडफडायच्या, पण दुसऱ्या दिवशी धावत यायच्या. वनात हरवलेल्या राणीची कथा निम्म्यावर आली आणि वर्गातल्या महालक्ष्मीला दिल्लीत नोकरी लागली. गाडीला निघताना ती पाया पडायला आली. बाईंना भरून आलं. नोकरीला लागलेल्या मुलीचं फार तर दिवाळीचं कार्ड येतं, मुलगी येत नाही. त्या म्हणाल्या, “बैस पोरी, राणीचं पुढचं आजच सांगून टाकते.” महालक्ष्मीनं कानांवर हात ठेवले. “अय्यो, नको टीचर! सगळं आजच ऐकलं, तर पोंगलला तुमच्याकडे कुठल्या निमित्तानं येऊ?” डोळे पुसून बाईंनी राणीला पोंगलपर्यंत वनातच ठेवलं.