वर्नरभाऊजी

मुंबई विमानतळावर वर्नरचं कार्ड पुन्हा नाकारलं गेलं. नागपूरच्या विमानात जागा होती, पण परदेशी कार्डावर तिकीट निघेना. तरुणपणी जर्मनीत एकाच खोलीत राहिलेल्या नरहरला शेवटचं भेटायला तो तातडीने निघाला होता. उतरताच नरहरच्या मुलीचा, मंजिरीचा निरोप मिळाला होता, "बाबा गेले."

हताश होऊन त्याने तिला फोन लावला. नरहरनेच शिकवलेल्या मराठीत तो म्हणाला, "मला तिकीट मिळत नाही, मंजिरी. तुम्ही अंत्यविधी करून घ्या. घरच्या माणसांना ताटकळत ठेवू नका. मी काय, बाहेरचा माणूस."

पलीकडून मंजिरीने त्याला थांबवलं.

"काका, घरची माणसं सगळी आलीत. पुण्याहून आत्यासुद्धा पोचली. पण आई हटून बसलीये. म्हणते, वर्नरभाऊजी आल्याशिवाय यांना न्यायचं नाही. तुमचं तिकीट मी इथून काढते. पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव सांगा."

वर्नरने पासपोर्ट उघडला आणि एकेक अक्षर सांगू लागला. आडनावापाशी आल्यावर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"सावकाश सांगा, काका," मंजिरी म्हणाली, "आम्ही थांबलोय."